माझ्या मापाची सायकल

त्या सकाळी सहा पन्नासला माझ्या बायकोचा फोन आला होता आणि मी तो पाहिला होता. एवढं एक वाक्य लिहायला मला पाच महिने लागले. मुलीला, डॉक्टरांना, शेजाऱ्यांना, सगळ्यांना मी सांगत आलो की फोन पाठीमागच्या खिशात होता, आवाज बंद होता, कळलंच नाही. फोन खिशात होता हे खरं आहे. आवाज बंद होता हेही खरं. पण सायकलच्या हँडलवर एक छोटा मीटर बसवलेला होता. तो फोनला जोडलेला होता आणि कोणी फोन केला की त्याच्या पडद्यावर नाव उमटायचं. तिचं नाव उमटलं. मी तेव्हा रामनगरच्या पुढे, नारायणपूरच्या अलीकडे होतो. रस्ता मोकळा होता, वारा पाठीवर होता आणि माझा सरासरी वेग पहिल्यांदाच ताशी तीसच्या जवळ पोचला होता. थांबलो असतो तर तो पडला असता. 'दूध फाटलं असेल,' असं मी मनात म्हणालो. नेमके हेच शब्द. नाव आठ-दहा सेकंद दिसलं आणि गेलं.

दूध फाटलं नव्हतं. तिला पक्षाघाताचा झटका आला होता.

आमचं घर काशीत, पंचगंगा घाटाच्या वर, गल्लीत आहे. कार्तिक महिना चालू होता, त्यामुळे वडील पहाटेपासून घाटावर यजमानांची स्नानं आणि संकल्प उरकत होते. ते साडेआठला वर आले तेव्हा ती ओट्याखाली पडलेली होती आणि डाव्या हातात फोन होता. आमच्या गल्लीत रुग्णवाहिका येत नाही, रिक्षासुद्धा येत नाही. घाटावरच्या चार नावाड्यांनी तिला खुर्चीत बसवून, खुर्ची खांद्यावर घेऊन मैदागिनच्या मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं. त्या वेळी मी चुनारला कचोरी खात होतो. वडिलांचे सात फोन नंतर पाहिले. सायकल एका ढाब्यावर टाकली, मिळाली ती जीप धरली आणि अकराच्या सुमारास दवाखान्यात पोचलो. डॉक्टर सरळ माणूस होता. म्हणाला, "डेढ़-दो घंटा पहले ले आते तो बात और होती."

सहा पन्नास ते साडेआठ. हा हिशेब मी किती वेळा केला असेल ते सांगता येणार नाही. मी थांबलो असतो, तिचा अडखळता आवाज ऐकला असता, शेजारी एक फोन केला असता, तर सव्वासातला ती खुर्चीत असती.

आणि हेही लिहून टाकतो. तिसऱ्या दिवशी, ती अजून आयसीयूत असताना, मी चुनारला जाऊन सायकल परत घेऊन आलो. मुलगी बंगळुरूहून आलेली होती. तिला सांगितलं, बँकेत सही करायला जाऊन येतो.

माझ्याकडे पाच सायकली होत्या. आमच्या घरात गल्लीच्या बाजूची एक मोठी खोली आहे. पूर्वी तिथे महाराष्ट्रातून आलेले यात्रेकरू उतरायचे. आता लोक हॉटेलात उतरतात. मी भिक्षुकी केली नाही, बँकेत लागलो, आणि ती खोली हळूहळू माझ्या सायकलींनी भरली. वडील म्हणायचे, "यजमान गेले आणि घोडे आले." बायको त्यांना सवती म्हणायची. कोणी पाहुणी आली की दार उघडून दाखवायची, "या, बघून घ्या, माझ्या पाच सवती. आणि ही भिंतीला टेकलेली निळी, ही पट्टराणी. हिला फडक्यानं पुसतात. मला कधी पुसलं नाही."

पट्टराणी, म्हणजे त्या सकाळी चालवत होतो तीच, माझ्या मापाची होती. हे शब्दशः घ्यायचं. पुण्यात एक कारागीर पोलादी नळ्या जोडून हाताने सायकलची चौकट बनवतो. मी मुद्दाम रजा काढून त्याच्याकडे गेलो होतो. त्याने मला अनवाणी उभं करून शिंप्यासारखी मापं घेतली. मांडीच्या आतून टाचेपर्यंत, खांद्यापासून मनगटापर्यंत, पाऊलसुद्धा. माझे पाय लांब आणि धड आखूड आहे, त्यामुळे दुकानातली कुठलीही सायकल मला कुठे ना कुठे टोचते. तो म्हणाला, "साहेब, ही दुसऱ्या कुणाला होणार नाही बरं का." मला त्याचा अभिमान वाटला होता. सात महिन्यांनी सायकल आली. पहिल्यांदा बसलो तेव्हा खाली काही आहे असं वाटेचना. पन्नाशीला आलेल्या माणसाला स्वतःच्या अंगाची लाज वाटत असते. या सायकलवर बसलो की ती लाज जात असे.

गल्लीतून ती खांद्यावर घालूनच न्यावी लागे. गाई, पायऱ्या, शेणाचे पो. कोपऱ्यावरचा पानवाला रोज पहाटे न चुकता म्हणायचा, "का गुरु, आज भी साइकिल ही आप पर सवार है?"

दवाखान्यातून एकविसाव्या दिवशी बायकोला घरी आणलं. उजवा हात आणि पाय लुळे होते, आणि बोलणं गेलं होतं. अगदी सगळं नाही. दोनच शब्द उरले होते. 'हो ना.' पाणी हवं असलं तरी 'हो ना', नको असलं तरी 'हो ना'. दुखलं की 'हो ना', मुलीचा फोन आला की 'हो ना'. सूर मात्र प्रत्येक वेळी वेगळा. ती पूर्ण वाक्य बोलल्यासारखी बोलायची, हात हलवायची, भुवया उंचवायची, आणि तोंडातून तेवढंच यायचं. तिला समजतं किती, हे डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नव्हतं. "कुछ समझती हैं, कुछ नहीं," असं म्हणायचे. बोलणं शिकवायला आठवड्यातून तीनदा एक बाई येत. चित्रं दाखवत. बायको घुबडाकडे बघून म्हणायची, "हो ना."

ती बोलली तर. माझं सगळं त्या एका 'तर'वर येऊन थांबलं होतं.

इथे आमच्या लोकांची एक रीत सांगायला हवी. महाराष्ट्रातून काशीला येणारा माणूस इथे आपल्या आवडीची एक वस्तू सोडून जातो. भाजी, फळ, गोड पदार्थ, काहीतरी. संकल्प सोडायचा आणि मग जन्मभर ते खायचं नाही. वडिलांनी असे हजारो संकल्प सांगितलेले आहेत आणि लोक देवाला कसं फसवतात हे त्यांना पाठ आहे. मी लहान असताना आमच्याकडे साताऱ्याकडचं एक जोडपं उतरलं होतं. बाईंनी आंबा सोडला. यजमान हात पुढे करून म्हणाले, "मी दोडका सोडतो."

वडील म्हणाले, "दोडका आवडतो तुम्हाला?"

"आवडतो की."

बाई डोळे पुसता पुसता म्हणाल्या, "गुरुजी, लग्नाला तीस वर्षं झाली, एकदा दोडका केला तर ताट भिरकावलं होतं यांनी!"

गंगेत उभे असलेले सगळे हसले. आम्ही इथलेच असल्यामुळे आम्हाला ही रीत लागू नाही असं आम्ही मानतो. काशीत राहणाऱ्याने काय सोडायचं?

पण दवाखान्याच्या जिन्यावर बसलो असताना मी सोडायचं ठरवलं होतं. ती बोलली तर पट्टराणी सोडीन. नंतर ती घरी आली, 'हो ना'च्या पुढे जाईना, तेव्हा ठरवलं, बोलायची वाट कशाला बघायची, आधीच सोडतो. आणि मी काय केलं? पौषात माझ्याकडची सगळ्यात जुनी, गंजलेली, कधीच न चालवलेली सायकल एका ओळखीच्याला विकून टाकली आणि मनाशी म्हणालो, सुरुवात तर झाली.

वडिलांनी ती जाताना पाहिली. ब्याऐंशी वर्षांचे आहेत, पण नजर पक्की. म्हणाले, "दोडका सोडलास का?"

मी खोलीच्या दाराला कडी घातली.

"आणि विकून कसलं सोडणं, रे? मोबदला घेतलास की तो व्यवहार झाला. लोक जिभेचं सोडतात, कारण ते रोज पानात वाढलं जातं आणि रोज नको म्हणावं लागतं. सायकल एकदा दाराबाहेर गेली की गेली."

"मग देऊन टाकू का कोणाला?"

"तुझ्या त्या निळीवर दुसरा बसेल तर दे!"

त्यांना वाटत होतं, मी बायकोच्या शुश्रूषेसाठी सायकलींचा नाद सोडतो आहे. चांगली गोष्ट आहे, पण त्यासाठी एवढं तोंड पाडायची गरज नाही, असं त्यांचं मत होतं. मी कशाची परतफेड करू बघतोय, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

माघात मी पट्टराणीचे फोटो काढून इंटरनेटवर टाकले. पैशांची निकड होती म्हणून नव्हे. विमा होता, बँकेनेही सांभाळून घेतलं. मला ती घरात नको होती. त्या खोलीतून बायकोच्या खोलीत जाताना ती भिंतीला टेकलेली दिसायची आणि मी तिच्याकडे बघायचो, आणि खरं सांगतो, अजूनही मला बसावंसं वाटायचं. तेच सहन होत नव्हतं. पण कारागिराचं म्हणणं खरं ठरलं. तिघे येऊन गेले. एकाचे पाय पेडलपर्यंत पोचेनात. दुसऱ्याची पाठ दोन मिनिटांत धरली. तिसरा लखनौहून आलेला पोरगेला माणूस हसून म्हणाला, "अंकल, यह साइकिल नहीं है, आपका कुर्ता है." प्रत्येक जण गेला की मला हायसं वाटायचं, आणि हायसं वाटलं म्हणून स्वतःची किळस यायची.

फाल्गुनात चौथा आला. प्रयागराजला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस, वय माझ्याएवढंच, माझ्यासारखाच उंटासारखा. मैदागिनला गाडी ठेवून गल्ल्या विचारत विचारत सकाळी नऊला दारात उभा राहिला. चौकटीचे जोड त्याने बोट फिरवून फिरवून पाहिले, चष्मा काढून पाहिले. मग आम्ही दोघांनी आळीपाळीने खांद्यावर घेऊन सायकल रस्त्यापर्यंत नेली. तो तिच्यावर बसला आणि गर्दीतून वाट काढत दिसेनासा झाला. पंधरा मिनिटांनी परतला तेव्हा त्याचा चेहरा मी ओळखला. तो माझाच जुना चेहरा होता.

"बेच क्यों रहे हैं?" त्याने उतरता उतरता विचारलं. "कोई गड़बड़ तो नहीं?"

"घुटने," मी म्हणालो. "डॉक्टर ने मना किया है."

तो फारच हळहळला. त्याच्या मोठ्या भावाचे गुडघेही असेच होते म्हणे. कुठलं तेल लावायचं, मेथी कशी भिजवायची, जिना कसा उतरायचा, सगळं त्याने भर रस्त्यात मला सांगितलं. एकदा तर वाकून माझ्या गुडघ्याला हात लावून दाखवलं, नेमकं इथे चोळायचं. मी मान हलवत राहिलो. बोलता बोलता त्याने हँडलवरचा मीटर सुरू केला. तो मी पाच महिन्यांत एकदाही सुरू केला नव्हता, पण सकाळी फोटोत दिसतो तसा सगळा साज हवा म्हणून चार्ज करून बसवला होता. त्याने दोन-तीन बटणं दाबली आणि थांबला.

"यह आख़िरी वाला किसका है? आपका?"

"हाँ."

"उनतीस दशमलव चार का औसत? घुटने से?" तो हसला. "भाई साहब, साइकिल में कुछ है तो बता दीजिए. मैं बुरा नहीं मानूँगा. चोरी की तो नहीं है?"

मी त्याला सगळं सांगितलं. सायकलच्या सीटवर हात ठेवून, रिक्षांच्या भोंग्यांमध्ये, ज्याचं पूर्ण नावही मला माहीत नव्हतं त्या माणसाला. सहा पन्नास, पाठीवरचा वारा, पडद्यावरचं नाव, दूध, कचोरी. वेग तीसला टेकला नव्हता, हेही सांगितलं. फोन घेतला नाही आणि तरी वेग झालाच नाही. एक बाई दुधाची किटली घेऊन चालली होती, ती थांबून बघायला लागली.

त्याने मीटर बंद केला. मग म्हणाला, "भाभीजी को बताया है?"

"नहीं."

"पिताजी को?"

"नहीं."

"तो मुझे क्यों बताया?" तो खरोखरच वैतागला होता. "मैं तो साइकिल लेने आया था, महाराज! अब घर जाकर अपनी वाली से क्या कहूँगा? वह तो इसे घर में घुसने नहीं देगी."

तो इकडे तिकडे बघत राहिला. पुन्हा सायकलकडे बघितलं. मग घसा साफ करून, जरा शरमून म्हणाला, "ऐसा है तो... थोड़ा कम कर दीजिए."

मी कमी केले. त्याने सांगितले तेवढे. त्याने मीटर काढून माझ्या हातात दिला, "यह नहीं लूँगा," म्हणाला, आणि सायकल खांद्यावर टाकून गाडीकडे चालू लागला. मी मागून मदतीला गेलो नाही. त्याने मागचं चाक काढून गाडीत कसं ठेवलं ते लांबून पाहिलं. सवयीच्या हाताने, साखळीला हात न लावता. चांगल्या घरी पडली, असा विचार मनात आला आणि त्या विचाराचीच चीड आली.

घरी आलो. वडिलांनी विचारलं, "गेली?"

"गेली."

"बरं झालं. आता चूळ भर आणि थोडं खा. सकाळपासून उपाशी आहेस."

मला वाटलं होतं, ती गेली की छातीवरचं काहीतरी उतरेल. तसं काही झालं नाही. भिंतीवर हँडलचा काळा ओरखडा तेवढा राहिला होता. आणि त्या माणसाचा प्रश्न कानात बसला होता. मी ज्याला सांगितलं त्याचा या गोष्टीशी काही संबंध नव्हता. जिचा होता ती दहा पावलांवर, गंगेकडच्या खिडकीशी खुर्चीत बसली होती, आणि मी तिच्याऐवजी देवाला एक वस्तू देऊ करत होतो. तीही पैसे घेऊन.

दुपारी वडील आडवे झाल्यावर मी तिच्यासमोर स्टूल घेऊन बसलो. खाली नावा चालल्या होत्या. तिने माझ्याकडे बघितलं. मी तिचा डावा हात धरला, मग सोडला. हात धरून सांगणं मला लबाडीचं वाटलं.

"त्या दिवशी तुझा फोन आला होता," मी म्हणालो. "मला कळलं नाही असं मी सांगितलं ते खोटं आहे. मी पाहिलं होतं. तुझं नाव दिसलं होतं. मी थांबलो नाही."

ती बघत राहिली.

"वेग कमी होईल म्हणून थांबलो नाही. दुसरं काही कारण नव्हतं. मला वाटलं, दूध फाटलं असेल."

"हो ना," ती म्हणाली.

कुठल्या सुरात, ते मी अजूनही सांगू शकत नाही. रागाचा नव्हता. प्रश्नाचा नव्हता. शेजारणीने उकाडा फार आहे म्हणावं आणि आपण दुजोरा द्यावा, तसा काहीसा. मी पुन्हा सांगितलं, हळू, लहान लहान वाक्यांत, बोलणं शिकवणाऱ्या बाई सांगतात तसं. फोन. तू. मी पाहिला. मी घेतला नाही. तिने भुवया उंचावल्या, खिडकीबाहेर बघितलं, आणि परत म्हणाली, "हो ना."

मग माझ्या लक्षात आलं. मी जे बोललो ते तिला समजलं की नाही, हे मला कळायला काहीच मार्ग नव्हता. आणि तसा मार्ग नव्हता, म्हणूनच तर मला बोलायचं धैर्य झालं होतं ना? ती धडधाकट असती, तोंडावर चार शब्द फेकू शकली असती, तर मी आयुष्यात कधी हे बोललो असतो का? नाही, असं मला वाटतं. मी तिला सांगितलं असंही म्हणता येत नाही आणि नाही सांगितलं असंही म्हणता येत नाही. उरलेल्या तीन सायकली विकूनही त्यातून सुटता येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्यासाठी मऊ भात कालवून आणला. दवाखान्यातून आल्यापासून तिला मीच भरवत होतो. पहिला घास तिने घेतला. दुसऱ्या घासाला तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि बाजूला केलं. जोरात नाही, पण ठामपणे. मग माझ्या बोटांतून चमचा काढून घेतला, वाटीत घातला आणि थरथरत तोंडाकडे नेला. अर्धा भात पदरावर सांडला. मी पुसायला हात पुढे केला, तर तो हातही तिने बाजूला केला.

वडील दारातून बघत होते. "अरे, स्वतःच्या हातानं जेवतेय!" ते मोठ्याने म्हणाले. "सूनबाई, शाबास! फोन कर रे पोरीला, सांग, आई स्वतःच्या हातानं जेवली!"

मी फोन केला. मुलगी रडली, हसली, आईला व्हिडिओवर दाखवा म्हणाली. मी फोन धरून उभा राहिलो. बायको फोनकडे बघून हसली, मुलीला 'हो ना' म्हणाली आणि पुन्हा चमचा भरू लागली. माझ्याकडे तिने त्या जेवणात एकदाही पाहिलं नाही. घास मोठा असल्यामुळे तिचं सगळं लक्ष चमच्याकडे होतं, असं असू शकतं. बोलणं शिकवणाऱ्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, ही फार चांगली खूण आहे.

त्यानंतर ती माझ्या हातून जेवत नाही. मी वाटी समोर ठेवतो आणि बाजूला बसतो.